दुबईत ऑगस्टमध्ये समुद्रात पोहता येतं का?

देवगडची_लेक:
मार्चमध्ये इथे शिफ्ट झालोय. एप्रिलमध्ये जुमेराला दोनदा पोहून आलो, पाणी एकदम मस्त होतं. आता आईबाबा ऑगस्टमध्ये तीन आठवडे येतायत आणि बाबांनी आत्तापासून फोनवर सुरू केलंय की रोज समुद्रावर जायचं. बाबा देवगडचे, खाडीत पोहत वाढलेले, वय 68, बीपीची गोळी चालू आहे. लेक 6 वर्षांची, ती पण उड्या मारतेय. ऑफिसमधले सगळे म्हणतात ऑगस्टमध्ये समुद्राचं नाव काढू नको. उन्हाचं समजू शकते पण पाण्यात काय प्रॉब्लेम? आपल्याकडे मे महिन्यात पोहतोच की आपण.

शारजाकर:
ताई, 14 वर्षं झाली इथे. ऑगस्टमध्ये एकदाच गेलो होतो, पहिल्या वर्षी, हौस म्हणून. पाण्यात शिरलो तर आंघोळीची बादली काढून ठेवल्यासारखं कोमट आणि बाहेर आलो तर हवा त्याहून गरम. वाळूवर चप्पल काढली आणि अक्षरशः नाचत गाडीपर्यंत आलो, बायको अजून त्यावरून हसते. इथल्या हॉटेलांत उन्हाळ्यात स्विमिंग पूलचं पाणी मशीन लावून थंड करतात, यावरून काय ते समजा.

खोलपाणी:
"मे महिन्यात पोहतोच की" इथेच गोची आहे. मुंबईच्या समुद्राचं पाणी जानेवारीत साधारण 24-25 आणि मेमध्ये 30 च्या आसपास, म्हणजे वर्षभरात पाच-सहा अंशांचाच फरक. दुबईत फेब्रुवारीत 21-22 आणि ऑगस्टमध्ये 33-34. कारण दुबईसमोरचं हे इराणचं आखात म्हणजे समुद्राच्या मानाने परातच आहे, सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास, त्यामुळे पटकन तापतं आणि पटकन निवतं. त्यात होर्मुझची चिंचोळी वाट सोडली तर चारी बाजूंनी जमीन, पाऊस जवळपास नाही, नद्यांचं पाणी येतं त्याच्या कितीतरी पट वाफ होऊन जातं, म्हणून खारटपणाही जास्त, लिटरला 40 ग्रॅमच्या आसपास, आपल्याकडे 35-36. तरंगायला सोपं जातं पण डोळे चुरचुरतात, लेकीला गॉगल घ्याच.

बाबांबद्दल मात्र सिरियसली सांगतो. उन्हात घाम येतो, तो वाळतो, अंग निवतं. पाण्यात घाम येऊन उपयोग काय, तो वाळणार कुठे? पाणी 33-34 असेल आणि माणूस जोरात हातपाय मारत असेल तर आतली उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही आणि पाण्यात असल्यामुळे आपण तापलोय हे कळतही नाही. ओपन वॉटर (समुद्रात, तलावात होणाऱ्या) शर्यतींच्या नियमात पाणी 31 च्या वर असेल तर शर्यत होत नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये फुजैराला 10 किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकन जलतरणपटू दगावला, तेव्हा पाणी खूप गरम असल्याची चर्चा झाली होती आणि ही वरची मर्यादा त्यानंतर आली. तो तर 26 वर्षांचा, तयारीचा माणूस. त्यामुळे बाबांना डुंबू द्या, पोहायला नको, आणि बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारूनच काय ते.

मस्कतवाला:
फुजैरा किंवा खोरफक्कानला घेऊन जा. दीडेक तासाचा ड्राइव्ह. ती बाजू ओमानच्या आखाताची, खोल पाणी, उन्हाळ्यातही तुमच्यापेक्षा थोडं बरं असतं. फक्त तिथे पटकन खोल होतं, जुमेरासारखं लांबवर कमरेएवढं नाही, पोरीचा हात सोडू नका.

कुवैती_कोकणी:
तुमचं 34 ऐकून हसू आलं 😄 आमच्याकडे कुवेतच्या खाडीत जुलै 2020 मध्ये 37.6 नोंदलं गेलंय. आणि हिवाळ्यात तेच पाणी 15-16 वर येतं, तेव्हा पाय घातला की कळ मस्तकात जाते.

देवगडची_लेक:
बापरे, घामाचं हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी पाचला नेलं तर? की तेव्हाही नको?

शारजाकर:
पहाटे ऊन नसतं एवढंच, पाणी रात्रीतून फारसं निवत नाही आणि दमट इतकं की चष्मा पुसून पुसून वैताग. त्यापेक्षा रात्री जा. 2023 पासून जुमेरा 2, जुमेरा 3 आणि उम्म सुकैम 1 ला रात्री पोहायची सोय आहे, मोठे दिवे आणि लाइफगार्ड. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, मग बाहेर येऊन पाणी पिणे. झेंडा बघून आत जा, जांभळा असेल तर जेलीफिश वगैरे आहेत. उथळ वाळूत पाय घासत चालायचं, पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडून बसलेली असते, बाबांना सांगायची गरज नाही म्हणा.

खोलपाणी:
आणि तिकीट बदलता येत असेल तर नोव्हेंबर. पाणी 27-28, हवा सुखाची. जानेवारी-फेब्रुवारीत बोलवाल तर शमाल वारा सुटला की दोन-तीन दिवस लाटा आणि लाल झेंडा.

देवगडची_लेक:
आत्ताच फोन केला. बाबा म्हणतात, पाकट आहे म्हणजे मासेमारी पण असणार, मी गळ घेऊन येतो 🤦‍♀️ तिकीट नोव्हेंबरचं करतेय. इथे गळ टाकायला परमिट लागतं का, की त्यासाठी नवा धागा काढू?