नव्या इमारतीतील फ्लॅट एजंटांना कोणत्या निकषावर मिळतात?

प्रश्न : जाहीर विक्रीपूर्वीच वरच्या मजल्यांवरील फ्लॅट ‘गेले’ असे सांगण्यात येते. बिल्डर ते एजंटांमध्ये कसे वाटतो? आणि थेट त्याच्याकडे गेल्यास दर कमी होतो का?

पहिले उत्तर : मुख्य निकष मागील विक्रीचा असतो. बांधकामासाठी कर्ज देणारी बँक अनेकदा ठरावीक बुकिंग झाल्याशिवाय रक्कम मोकळी करत नाही. त्यामुळे ज्या एजंटांनी आधीच्या प्रकल्पांत पैसे वेळेवर भरणारे ग्राहक आणले, त्यांना पहिल्या फेरीत बोलावले जाते. एजंट ग्राहकांचे पसंतीक्रम कळवतो, पण कोणता फ्लॅट कोणाला द्यायचा हे बिल्डरच ठरवतो, आणि काही उत्तम फ्लॅट पुढे चढ्या दराने विकण्यासाठी स्वतःकडे राखूनही ठेवतो. म्हणून ‘गेले’ हा शब्द फारसा मनावर घेऊ नये.

दुसरे उत्तर : दर कमी होईलच असे नाही. नव्या प्रकल्पात दलाली बहुधा बिल्डरच देतो, आणि थेट येणाऱ्याला उघड सवलत दिल्यास एजंट दुरावतील, ही धास्ती त्याला असते.

प्रश्नकर्ता : वाटप झालेला फ्लॅट एजंटाच्या नावावर होतो का?

पहिले उत्तर : नाही, तो केवळ ठरावीक मुदतीपुरता राखलेला असतो. करार तुमचा आणि बिल्डरचाच होतो. बुकिंगची रक्कमही एजंटाच्या खात्यात भरू नये.