संडास बांधला, पण त्यात ओतायचं पाणी कोणाच्या डोक्यावरून येतं?

मांजराकाठ:
'पहाटफेरी' यांनी परवा लिहिलं की सरकारने १२ हजार दिले, घरोघरी संडास झाले, तरी लोक त्यात सरपण नि कडबा भरून ठेवतात आणि टमरेल घेऊन रस्त्याकडेला बसतात. पाणी नाही हा म्हणे बहाणा, खरा रोग सवयीचा. चार ओळींत उत्तर द्यायला बसले होते, जमलं नाही. म्हणून वेगळा धागा.

माझं सासर औसा तालुक्यातलं. आमचा संडास २०१५ सालचा. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि दर घराला एक टिपाड मिळायचं, २०० लिटरचं. म्हणजे दिवसाला ५० लिटर. माणसं पाच, शेळ्या दोन. म्हैस फेब्रुवारीतच विकली होती. आमच्या संडासात एका वेळेला अर्धी बादली ओतल्याशिवाय काही जात नाही. सहा-सात लिटर धरा. पाच जणांचे ३५ झाले. उरलेल्या पंधरात पिणं, स्वयंपाक, भांडी, शेळ्या?

कमी पडेल ते दीड किलोमीटरवरच्या एका बोअरवरून आणायचं. पहाटे तीनला नंबर लावायचा. चुंबळ ठेवून ठेवून माझ्या टाळूवरचे केस जे विरळ झाले ते आजही तसेच आहेत. शेवटी सासूबाईंनी संडासाला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या बटव्यात असायची आणि ती फक्त धाकट्या जावेला मिळायची, कारण तिला सातवा महिना होता. सासरे आणि दीर मात्र पहिल्या दिवसापासून बाहेरच जात होते. त्यांनी एक घागरही आणलेली नव्हती.

त्याच १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. ते पाणी शहराचं होतं. आमचा टँकर चौथ्या दिवशीच येत राहिला.

ज्याला घागर उचलावी लागत नाही त्याने आम्हाला सवयी शिकवू नयेत.

पहाटफेरी:
ताई, तुमचे हाल खोटे आहेत असं मी म्हटलेलं नाही. पण दुष्काळाचं एक वर्ष दाखवून उरलेली नऊ वर्षं झाकू नका. २०१६-१७ ला मी तालुक्यावर स्वच्छतेचं काम करत होतो. पंचगंगेच्या काठची गावं मी पाहिली, दारात नळ, परसात विहीर. तिथेही म्हातारी माणसं पहाटे बांधाला जात होती. एका घरात दोन बोअर होते आणि संडासात युरियाची पोती. आजोबा म्हणाले, जिथं जेवतो तिथंच हागायचं का? आता याला पाणी काय करणार?

दुसरं, सहा-सात लिटर हा आकडा चूक आहे. ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पुरतं. आम्ही गावोगाव हेच सांगत फिरलो.

मांजराकाठ:
सांगत फिरलात की टॉर्च मारत फिरलात? उघड्यावर जाणाऱ्यांना पहाटे अडवणारं ते गुड मॉर्निंग पथक आमच्याही गावात आलं होतं. शेजारच्या काकू साठीच्या. पहाटे ओढ्याकडे निघाल्या तर तोंडावर उजेड, हातात गुलाबाचं फूल आणि समोर मोबाईल धरलेला. त्यानंतर काकू अंधार पडेपर्यंत पाणीच पीत नसत. पुढे लघवीला आग व्हायला लागली, तालुक्याला सलाईन लावावं लागलं. त्या फुलाचा फोटो तुमच्या अहवालात गेला असेल. काकूंचं काय झालं ते कुठे गेलं नाही.

पहाटफेरी:
मी कुणाच्याही तोंडावर टॉर्च मारलेला नाही. न बघता आरोप करू नका. पहाटे चारला थंडीत आम्हीही उभे राहायचो, पोरं जुलाबाने मरू नयेत म्हणून.

गवंडीकाम:
दोघंही भांड्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो. पंधरा-वीस वर्षं हेच काम केलंय. ग्रामीण भांड्याचा उतार खडा असतो, २५ ते २८ अंश, आणि त्याच्या कोंबड्यात, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, पाणी थांबतं फक्त २० मिलिमीटर. म्हणून दोन लिटरात काम होतं. शहरी भांडं पसरट, त्याला बादली लागते. २०१५-१६ ला एकेका ठेकेदाराने दोनशे-तीनशे संडास एकदम उरकले. दुकानात जे स्वस्त मिळालं ते बसवलं. ताईंच्या घरी शहरी भांडंच असणार, पैज लावतो. म्हणजे आकडा तुमचाही बरोबर आणि त्यांचाही.

आता खड्ड्याचं. नियमाप्रमाणे दोन शोषखड्डे हवेत, एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला किमान वर्षभर, खरं तर दोन वर्षं, बंद ठेवायचा. आत काळी माती होते, वास राहत नाही. लोक मला सांगायचे, दोन नको, एकच दहा फुटी कर. का? तर भरेल आणि मग उपसायचा कोणी? हे उघड कोणी बोलत नाही, पण प्रत्येकाच्या मनात एकाच वस्तीतली माणसं असतात. म्हणून मोठा खड्डा, आणि तोही भरू नये म्हणून वापर कमी. मी माझा खड्डा स्वतः फावड्याने उपसला आणि ते सोनखत लिंबाला घातलं. भावकीतल्या दोघांनी वर्षभर माझ्या घरी पाणी घेतलं नाही.

पहाटफेरी:
बघा! गवंडीदादांनी माझाच मुद्दा सांगितला. रोग डोक्यात आहे, घागरीत नाही.

कोरडवाहू:
तुम्ही सगळे दोन लिटर का सात लिटर यावर भांडताय. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं का पडलं ते बोला ना. राज्यात लागवडीखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आणि सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी तोच पितो. कृषिमूल्य आयोगाने हे लिहून ठेवलंय. सातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात एकामागून एक साखर कारखाने उभे केले. २०१६ ला लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली, आणि कारखान्यांचा पट्टा हाच. संडासाला दोन लिटर नाही म्हणून रडायचं आणि त्याच शिवारात बारा महिने पाटाने पाणी सोडायचं.

पाटपाणी:
आलं, ऊसवाल्याला शिव्या घालणं आलं! माझा तीन एकर ऊस आहे. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मी ते ४,१०० ने घातलं, कारण पोरीची फी भरायची होती. तुरीचं असंच, कांद्याचं त्याहून वाईट. उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव. कायद्याने १४ दिवसांत पैसे यायला हवेत, येतात दोन महिन्यांनी, पण येतात. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. दुसऱ्या एका पिकाला ही हमी द्या, मी उद्या ऊस मोडतो. आणि माझा ऊस ठिबकवर आहे, पाटावर नाही.

शिवाय शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि जलजीवनच्या नळयोजनेत आम्हाला ५५, हे कोणी ठरवलं? त्यावर एक शब्द नाही.

कोरडवाहू:
तुमचं ठिबक तुम्हाला लखलाभ, शेजारच्याचं काय? तुमच्या तीन एकराच्या बोअरने माझी आजोबांच्या काळातली विहीर २०१३ ला आटली. तुम्ही सहाशे फूट गेलात, मी कुठवर जाऊ? तुम्हाला भाव मिळत नाही हे खरं, पण त्याची भरपाई माझ्या विहिरीतून का?

पाटपाणी:
माझ्या बोअरने तुमची विहीर आटली? गावाची नावं तरी माहीत आहेत का एकमेकांच्या?

कोरडवाहू:
नाव वेगळं, गोष्ट तीच. बरं, भाव मिळत नाही म्हणून ऊस लावतात, एवढं मान्य. त्यापुढे एक इंचही नाही.

नगरी:
आणि आम्ही नगर-नाशिकच्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडायचं, २००५ च्या समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्याने, तुमचा ऊस जगवायला.

मांजराकाठ:
कृपा करून जायकवाडी इथे नको. औसा मांजरा-तेरणेच्या मुलखात आहे, गोदावरीवरून पाणी सोडलं तरी माझ्या घागरीत त्यातला थेंब येत नाही.

कोयत्याचं पोर:
इतका वेळ वाचत होतो. उसावर भांडताय तर त्या उसात कोण हागायला जातं तेही ऐका.

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत. कोप म्हणजे पाचटाची झोपडी, आत वाकूनच जावं लागतं. संडास नाही, न्हाणीघर नाही. आई पहाटे दोनला उठायची, फडाच्या कडेला जाऊन यायची, मग भाकऱ्या, मग तोड. पाळी आली तरी खाडा नाही, खाडा केला तर टोळी आणणारा मुकादम पैसे कापणार. कापड धुवायला पाणी नाही. अंगावरून जायला लागलं, डॉक्टर म्हणाला गर्भपिशवी काढून टाका. तिशीतच काढली. २०१९ ला याच प्रश्नावर नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीने ऐंशी हजारांहून जास्त बायकांची पाहणी केली, त्यात तेरा हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. माझी आई त्यांतली एक.

आमच्या गावच्या घराला संडास आहे. भिंतीवर नंबर टाकलाय, फोटो काढून नेलाय. एप्रिल २०१८ ला ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, तेव्हा आमच्या घराचं कुलूप नुकतंच निघालं होतं. आई सहा महिने उसात बसून आली होती.

कोरडवाहू, तुम्ही ऊस बंद करा म्हणता. मग आई खाणार काय? पाटपाणी, तुमच्या फडात आमची टोळी उतरते तेव्हा तुमच्या बोअरजवळ एक पत्र्याचा आडोसा करायला किती खर्च येतो?

पाटपाणी:
आडोसा कारखान्याने करायचा असतो.

कोयत्याचं पोर:
कारखाना म्हणतो मुकादमाने, मुकादम म्हणतो शेतकऱ्याने. आई मात्र रोज पहाटे दोनला उठते.

पाटपाणी:
… बोअरचं पाणी मी टोळीला कधी अडवलं नाही, एवढं सांगतो. पत्रे पडून आहेत गोठ्यात. या हंगामात उभे करतो. पण सगळा दोष शेतकऱ्यावर टाकू नका.

पहाटफेरी:
एक सांगून थांबतो. आमच्या फॉर्मवर पाणी उपलब्ध आहे का असा रकाना होता. गावात हापसा दिसला की आम्ही 'होय' भरायचो. तो हापसा उन्हाळ्यात चालतो का, त्यावरून पाणी कोण आणतं, हे विचारल्याचं मला आठवत नाही. ते चुकलं. स्थलांतरितांच्या कुलूपबंद घरांचंही चुकलं. सवयीचा मुद्दा मात्र सोडत नाही. तुमचे सासरे आणि दीर पावसाळ्यात कुठे जातात, ते सांगा.

मांजराकाठ:
पावसाळ्यातही बाहेरच. हे तुमचं खरं आहे, म्हणायला आवडत नाही तरी. पण कुलूप सासूबाईंनी घातलं होतं आणि ते पाण्यापायीच होतं. त्यांना सवयीचा रोग चिकटवू नका.

गवंडीदादा, तुम्ही पैज जिंकलात. सकाळी जाऊन बघितलं, भांडं पसरटच आहे. सगळा संडास न पाडता बदलता येईल का?

गवंडीकाम:
येतं भांडं बदलता. भांड्याभोवतीची फरशी फुटेल, भिंतींना हात लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम, सिमेंटचा एक कट्टा, वर दोन दिवस वापर बंद. भांडं घेताना कोंबडा सोबतच घ्या आणि दुकानात बाटलीने दोन लिटर पाणी ओतून दाखवा म्हणावं. खडू टाकून बघा, एका दमात गेला पाहिजे. पावसाच्या आधी उरका, आणि झाकण उघडून खड्डा एक आहे की दोन तेही बघून कळवा.

मांजराकाठ:
एकच आहे. दहा फुटी.