एमबीबीएस पहिलं वर्ष सुरू होतंय, इंग्रजीची आणि डिसेक्शनची भीती वाटते

नवा_एप्रन:
नमस्कार सगळ्यांना. मला सरकारी मेडिकल कॉलेज मिळालंय, सोमवारपासून फाउंडेशन कोर्स चालू होतोय. घरात काय, अख्ख्या गावात मीच पहिली, त्यामुळे विचारायला कोणीच नाही. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी लातूरला केली पण तिथं सगळं एमसीक्यू, गोळे रंगवायचे, इंग्रजीत तोंड उघडायची वेळच आली नाही. आता म्हणे सारखे वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा असतात. दुसरं म्हणजे डिसेक्शन, मृतदेह कापून शिकायचं. आजोबा गेले तेव्हा पण मी जवळ गेले नव्हते, चक्कर आली तर काय करायचं? आणि पुस्तकं आत्ताच घ्यायची का? यादी बघून पप्पा काही बोलले नाहीत पण मला कळतं ना.

सेकंड_इयरवाली:
अगं आधी खूप अभिनंदन!! पुस्तकं आत्ता अजिबात घेऊ नको, पप्पांना आजच सांग. लायब्ररीतून मिळतात आणि वरच्या बॅचच्या मुली अर्ध्या किमतीत देतात, मी ॲनाटॉमीची (शरीररचनेची) सगळी जुनीच घेतली, उलट त्यात आधीच्या ताईने पेन्सिलने खुणा केलेल्या होत्या त्या परीक्षेच्या आदल्या रात्री फार कामाला आल्या. एप्रन मात्र दोन घे, एक फक्त डिसेक्शन हॉलसाठी, त्याचा वास जात नाही.

डिसेक्शनला उपाशी पोटी जाऊ नको. घाबरून नाश्ता न करता जातात आणि मग फॉर्मलिनच्या (देह टिकवायचं औषध) वासाने डोळे चुरचुरतात, त्यात तासभर उभं राहायचं, चक्कर त्याने येते. लेन्स लावत असशील तर त्या दिवशी चष्माच घाल. गरगरायला लागलं तर टेबलापाशीच थांबू नको, कुणाला तरी सांग आणि बाहेर येऊन बस. मी बसले होते पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये, हॉलमधल्या मामांनी पाणी आणून दिलं, कुणीही हसलं नाही. चौथ्या दिवसापासून मी स्वतः फोर्सेप्स (चिमटा) धरत होते.

रात्रपाळी_इंटर्न:
मी पण मराठी मीडियमचा, जिल्हा परिषदेतलाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंग्रजीची भीती खरी असते, पण वायवात अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसतेच, आपण ते कधी मोठ्याने बोललेलोच नसतो ही असते. नीटला दोन वर्षं आपण मान खाली घालून एकट्याने अभ्यास करतो आणि तीच सवय इथं घेऊन येतो. मी पहिले तीन महिने तेच केलं, रूम बंद करून वाचायचो, सगळं यायचं, आणि पहिल्या वायवात सरांनी ह्यूमरस, म्हणजे दंडाचं हाड हातात दिलं तर उजवं की डावं तेवढं पण तोंडातून निघेना. खूप रडलो होतो त्या रात्री.

मग रूममेटने एक सवय लावली. रोज जेवण झाल्यावर अर्धा तास, एकाने शिकवायचं दुसऱ्याने विचारायचं, आधी मराठीत. मराठीत समजावता आलं की समजलं, मग तेच इंग्रजीत. उदा. कोपर दाराला आपटलं की करंट बसतो ना, करंगळीपर्यंत जातो? ती अल्नर नर्व्ह (हातातला एक मज्जातंतू), मीडियल एपिकॉन्डाइलच्या, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या, मागून जाते, तिथं वर फक्त कातडी. हे एकदा स्वतःच्या हातावर दाबून बघितलं की ती नर्व्ह कुठून जाते आणि करंगळीलाच का झिणझिण्या येतात, जन्मात विसरत नाही. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, पण असाच, सी५ ते टी१ (मणक्यातून निघणाऱ्या नर्व्हचे नंबर), पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, रोज ब्रश करायच्या आधी एकदा काढायचा, आठ दिवसांत हात आपोआप काढतो.

वायवात अडलीस तर गप्प बसू नको. छोटी छोटी वाक्यं बोल, ग्रामर चुकू दे. परीक्षकाला उत्तर पाहिजे असतं, भाषण नको असतं.

पहिला_बेंच:
दादा बरोबर आहे पण मी म्हणेन पहिल्या दिवसापासून रोज चार-पाच तास बसच, नंतर कव्हर होत नाही.

रात्रपाळी_इंटर्न:
नाही पटत. पहिल्या महिन्यात झोप, मेस, घरची आठवण हेच सेट होत नाही, तेव्हा पाच तासांचं टाइमटेबल करून ते मोडलं की पोरं स्वतःला नालायक समजायला लागतात. दोन तास पण त्याच दिवशीचं त्याच दिवशी. आणि बायोकेमिस्ट्री 'शेवटी बघू' म्हणू नका, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही विषय वेगवेगळे पास व्हावे लागतात. हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, आणि पहिलं वर्ष पास व्हायला चारच अटेम्प्ट आहेत.

टेबल_नंबर_३:
मी ॲनाटॉमी शिकवते, बाळा तुझ्या भीतीबद्दल दोन शब्द. सुरुवातीलाच आम्ही मुलांकडून शपथ घेतो, त्या देहाचा मान राखण्याची. आमच्याकडे देहदानाने आलेले देह असतात, घरचे लोक स्वतः घेऊन येतात, एकदा एका आजींनी जाताना विचारलं होतं, 'पोरं नीट शिकतील ना ओ ह्यांच्याकडून?' मी ते दर बॅचला सांगते. तुला भीती वाटते म्हणजे समोर माणूस आहे हे तुला कळतंय. ते कळू दे. फोटो काढू नकोस, कुणी काढत असेल तर थांबव. आणि न समजलेलं मराठीत विचारलंस तरी आम्ही उत्तर देतो, लाजू नको.

सेकंड_इयरवाली:
एक राहिलंच. सीनियर म्हणून कोणी त्रास दिला तर सहन करायचं नाही, अँटी-रॅगिंगचा नंबर १८००-१८०-५५२२ सेव्ह करून ठेव. आणि मनाने फारच खचल्यासारखं वाटलं तर टेलिमानस, ही सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. मी केला होता फोन, पहिल्या इंटर्नल परीक्षेनंतर.

नवा_एप्रन:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. पप्पांना पुस्तकांचं वाचून दाखवलं, ते लगेच म्हणाले मग एप्रन तीन घे. मॅडम, त्या आजींचं आईला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. कोपरावर ती नर्व्ह सापडली मला, आता घरात सगळे आपापलं कोपर दाबून बघतायत. सोमवारी जाऊन आल्यावर इथंच लिहिते.