पोराला ट्रॉफी 'मिळवून द्यायची' म्हणजे काय करायचं?

चिवडा_पातळ: काल इथे एका ताईंनी लिहिलं होतं, मुलगा धावण्यात शेवटून पहिला, मित्रांच्या घरी चषक बघून हिरमुसतो, म्हणून अबॅकसच्या स्पर्धेत घातला, ट्रॉफी आली, घरात दिवाळी. दोन ओळींत उत्तर देऊन माझं भागेना, म्हणून हा धागा.

माझ्या भाच्यानेही अशीच फूटभर उंच ट्रॉफी आणली. हॉलमध्ये दीडशे पोरं, टेबलावर दीडशे ट्रॉफ्या. फीमध्येच धरलेल्या! आठवडाभर मिरवला, मग बिल्डिंगमध्ये आणखी तिघांकडे तीच दिसली. आता तिच्यात पेन्सिली ठेवतो. पळता येत नाही तर नाही. पण ज्यात घालाल त्यात हरायची सोय तरी असू द्या.

मनीमाऊ: ती ताई मीच. लंगडीच्या वेळी दोन्ही कॅप्टन 'हा तुम्हीच घ्या' म्हणून माझ्या पोराला एकमेकांकडे ढकलतात, ते गॅलरीतून बघा आणि मग सोयीचं बोला. हरायची सोय त्याला रोज संध्याकाळी आहे.

खडूस_आजोबा: होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसवा. सहावीत किंवा नववीत. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. पदक मिळतं, पण घाम गाळून.

शेवपुरी: घाम कुणाचा, आजोबा? आमच्या समोरच्या घरात रात्री एक वाजता बाबा तक्ता चिकटवत होते आणि चिरंजीव घोरत होते.

ब्रश_आणि_पाणी: चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं कुणाला सुचत नाही? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन, सगळं पोराने स्वतः बसून करायचं. पण ए ग्रेड आली की पालक विचारतात, दहावीला ७ मार्क वाढतील ना? चित्र कुणी बघतच नाही. आणि शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या बाई मागून नेतात, हे वेगळंच.

आदरणीय_व्यासपीठ: वक्तृत्वाला घाला. माझी मुलगी दोनदा पहिली आली.

शेवपुरी: भाषण कुणी लिहिलं?

आदरणीय_व्यासपीठ: मी. मग?

शेवपुरी: मग ढाल तुम्हालाच द्यायला हवी होती. चार वर्षं परीक्षक होते मी. चौथीतली पोर स्त्रीभ्रूणहत्येवर बोलताना पाचव्या वाक्याला रडली. पुढच्या वर्षी त्याच वाक्याला, त्याच हाताने डोळे पुसत रडली.

आदरणीय_व्यासपीठ: माझ्या मुलीबद्दल बोलताय का? शोभतं का हे?

शेवपुरी: तुमची मुलगी कोण हे मला माहीतही नाही. पण चांगलंच लागलेलं दिसतंय.

आदरणीय_व्यासपीठ: पाठांतरालाही मेहनत लागते, बाई! ती आधी चारचौघांत 'प्रेझेंट' म्हणायलाही घाबरायची. मग दिलीत कशाला बक्षिसं त्या रडणाऱ्यांना?

शेवपुरी: दिली, हो. पुढच्या रांगेत बसलेले मुख्याध्यापक माझ्याकडेच बघत होते. चुकलंच माझं.

खडूस_आजोबा: २०२२ साली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. पहिल्या संघाला रोख बक्षीस, करंडक नाही. हा दम हवा!

मनीमाऊ: ती कॉलेजची पोरं होती, आजोबा. इथे आठ वर्षांचं पोर आहे. आणि तेव्हाही बोंबाबोंब झालीच होती.

चिवडा_पातळ: धागा माझा, भांडणं तुमची. असो. ताई, एक विचारू? ट्रॉफी घेताना पोरगा कसा दिसत होता?

मनीमाऊ: नाव पुकारलं तर आधी मागे वळून बघितलं, दुसरा कुणी असेल म्हणून. मग गेला. उतरताना पायरी चुकला, पण ट्रॉफी सोडली नाही.

चिवडा_पातळ: बरं. एवढ्यापुरती माघार. आता फीचं तुम्हीही कबूल करा.

मनीमाऊ: बाराशे रुपये, ट्रॉफीसकट. झालं समाधान? पुढच्या रविवारी सोसायटीच्या कॅरमला बसवतेय. तिथे कुणी फुकट देत नाही. पहिल्याच फेरीत बाहेर पडला तर तुमच्या नावाने खडे फोडीन.

खडूस_आजोबा: कॅरम हा खेळच झाला ना? मारिया इरुदयम यांना त्यासाठी अर्जुन पुरस्कार मिळालाय. मग पोराला खेळ जमत नाही असं म्हणालं कोण?

मनीमाऊ: लंगडीचे कॅप्टन.