यात्री निवासात पाहुण्यांना वायफाय द्यायचंय, पण बिलिंग आणि कॅमेरे त्याच लाइनवर आहेत. कसं लावावं?

जोतिबाच्या_वाटेवर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात ताराबाई रोडच्या आतल्या गल्लीत यात्री निवास आहे. खाली भोजनगृह, वर दोन मजल्यांवर मिळून १४ खोल्या. फायबरचं १०० एमबीपीएसचं एकच कनेक्शन आहे. कंपनीनं बसवलेल्या डब्यावरच (राउटरवरच) काउंटरचा बिलिंगचा कॉम्प्युटर, स्वयंपाकघरातला केओटी (ऑर्डरची चिठ्ठी छापणारा) प्रिंटर आणि आठ कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर चालतो. पाहुण्यानं मागितला की काउंटरवरून तोच पासवर्ड सांगितला जातो. गर्दीच्या दिवसांत फोन वायफायला जोडले जातात, पण नेट चालत नाही. कधी बिल निघायलाही वेळ लागतो.

नवरात्राच्या आधी हे नीट करायचंय. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या माणसाला त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळावं आणि पुढच्या खेपेला त्यानं दुसरं दार शोधू नये, हा हेतू. पाहुण्यांचं नेट वेगळं कसं काढायचं? त्यांच्या फोनला धोका होऊ नये म्हणून आमच्याकडून काय करता येईल? आणि कायद्यानं काही नोंद ठेवावी लागते का?

शाहूपुरी_नेटवर्क

आधी आजच तपासायची गोष्ट. कुठल्याही फोनवरून वायफाय जोडा आणि ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) टाका. लॉगिनचं पान उघडलं, तर तुमच्याकडे जेवायला आलेला कोणीही तिथपर्यंत पोहोचू शकतो. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवला तोच असेल तर तो आत्ता बदला, बाकीचं नंतर. कंपनीच्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्डही तसाच. तो बहुतेक वेळा डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि डबा काउंटरवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) चालू असेल तर बंद करा.

आता वेगळं काढायचं. डब्यात 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असेलही, पण नावावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच डब्यांत दुसरं नाव दिलं तरी आतलं जाळं एकच राहतं. जोडून बघा, डीव्हीआर दिसला तर ती सोय उपयोगाची नाही.

कायमची मांडणी अशी करा. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद. त्याच्या पुढं व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी जाळी) करू शकणारा छोटा राउटर, त्याला पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच, आणि प्रत्येक मजल्याच्या बोळात छताला एक असे वायफाय देणारे अ‍ॅक्सेस पॉइंट. भोजनगृहाला तिसरा. ओमाडा, युनिफाय, मायक्रोटिक यांतलं काहीही चालेल, फक्त राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट शक्यतो एकाच घराण्यातले घ्या, म्हणजे एकाच ठिकाणाहून सगळं दिसतं. केबल कॅट ६, पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल पीओईला दगा देते, लांब अंतरावर अ‍ॅक्सेस पॉइंट मधूनच बंद-चालू होत राहतो आणि दोष मात्र डब्याला दिला जातो.

व्हीलॅन तीन करा: १० बिलिंग आणि प्रिंटरला, २० कॅमेऱ्यांना, ३० पाहुण्यांना. ३० मधून १० आणि २० कडे जायला मनाई, इंटरनेटला परवानगी. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून मनाईचे नियम परवानगीच्या वर हवेत. इथं एक गोष्ट हमखास राहून जाते: पाहुण्यांना राउटरचं स्वतःचं सेटिंगचं पान आणि पलीकडच्या कंपनीच्या डब्याचं पानही उघडता कामा नये. त्या दोन्ही पत्त्यांवरच्या सेटिंगच्या पानांना वेगळी मनाई लिहा. शिवाय अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका पाहुण्याचा लॅपटॉप दुसऱ्याच्या फोनला दिसणार नाही. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं बटण हेच, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

'जोडलंय पण नेट नाही' याचं कारण बहुधा वेग नसून पत्त्यांची संख्या आहे. घरगुती जाळ्यात जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात, डब्यात ठरवलेले अनेकदा त्याहून कमी. दिलेल्या पत्त्याची मुदत २४ तासांची असेल तर सकाळी नाश्ता करून गेलेल्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पत्ता अडवून बसतो. दुपारच्या पंगतीला पत्ते संपलेले असतात. डीएचसीपीची (आपोआप पत्ता देण्याच्या सोयीची) मुदत १ तासावर आणा.

वेग वाटून द्या. प्रत्येक फोनला ५ एमबीपीएसची मर्यादा आणि पाहुण्यांच्या सगळ्या जाळ्याला मिळून ७०. ५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल आणि रात्रीची एखादी मालिका आरामात चालते. उरलेले ३० बिलिंग आणि कॅमेऱ्यांना, मग वरच्या खोलीत कोणी फोनचा सगळा बॅकअप चढवत बसला तरी काउंटर अडत नाही.

जुन्या बांधकामाच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला फार पेलत नाहीत, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट खोलीत न ठेवता बोळात, दारांच्या रेषेत लावा. २.४ गिगाहर्ट्झवर फक्त १, ६ आणि ११ हे चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्झ, शेजारच्या दोघांना एकच चॅनेल नको. पॉवर पूर्ण ठेवू नका, मध्यम ठेवा. फोनचा स्वतःचा रेडिओ अशक्त असतो. अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज त्याला लांबून ऐकू येतो, पण त्याचं उत्तर परत पोहोचत नाही. दांड्या भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, हा अनुभव पाहुण्याला यातूनच येतो. रिपीटर लावण्याचा मोह टाळा, तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

जोतिबाच्या_वाटेवर

फार उपयोगी माहिती, धन्यवाद. केबल ओढायला थोडा वेळ लागेल. तोवर तात्पुरतं म्हणून एक जुना राउटर पडून आहे, तो कंपनीच्या डब्याला जोडून त्यावर पाहुण्यांना वेगळं वायफाय दिलं तर चालेल ना?

शाहूपुरी_नेटवर्क

नाही. सगळीकडे असंच जोडतात आणि तिथंच फसगत होते. आतल्या राउटरवरचा माणूस बाहेरच्या डब्याच्या जाळ्यात सहज जाऊ शकतो, कारण राउटरच्या दृष्टीनं तो 'बाहेर' म्हणजे इंटरनेटच. उलट दिशेला मात्र अडवणूक असते. म्हणजे तुम्ही म्हणता तसं जोडलं तर पाहुणा आत सुरक्षित आणि तुमचं बिलिंग त्याच्यासमोर उघडं.

उलटं करा. कंपनीच्या डब्यावर फक्त पाहुणे, नव्या नावानं आणि नव्या पासवर्डनं. जुन्या राउटरच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्ये डब्यातली केबल, आणि त्या राउटरच्या मागं कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर. डबा १९२.१६८.१ मालिकेत असेल तर आतल्या राउटरला १९२.१६८.५० द्या. दोन्हीकडे एकच मालिका ठेवली तर राउटरला कुठं पाठवायचं ते कळत नाही आणि नेट बंद पडतं. राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकू नका, त्यात हे सगळं संरक्षण निघून जातं. इतका जुना असेल की त्याला फर्मवेअरचे अपडेट येणंच थांबलंय, तर तो वापरू नका, नवा साधा घ्या.

या जोडणीत पाहुण्यांच्या वेगावर मर्यादा घालता येईलच असं नाही. म्हणून तात्पुरतीच समजा.

नियम_आधी

नोंदीबद्दल. दूरसंचार विभागाच्या २३ फेब्रुवारी २००९ च्या सूचनांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख ठेवायची असते: फोटो ओळखपत्राची प्रत, किंवा मोबाइलवर एसएमएसनं लॉगिन पाठवून तो नंबर. नोंद एक वर्ष जपायची. कारण सरळ आहे. तुमच्या कनेक्शनवरून कोणी फसवणूक केली तर तपास आयपी पत्त्यावरून कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतो. एकच पासवर्ड सगळ्यांना दिला असेल तर त्या वेळी कोण जोडलं होतं हे सांगायला तुमच्याकडे काहीच नसतं.

खोल्यांसाठी हे सोपं आहे, कारण रजिस्टरमध्ये ओळखपत्र घेताच. वर सांगितलेल्या यंत्रणांमध्ये व्हाउचर काढता येतात: खोलीनिहाय कोड, चेक-आउटपर्यंत चालणारा, तीन-चार फोनपुरता. कोड रजिस्टरच्या त्याच ओळीत लिहा. भोजनगृहात एसएमएसवर कोड देणारं पान ठेवा. ते जमणार नसेल तर पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना बघा. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. त्यात दुकानदाराला परवाना, नोंदणी, शुल्क काही लागत नाही, ओळख पटवण्याचं काम योजनेतलं अ‍ॅप आणि अनेक दुकानांचं वायफाय सांभाळणारी अ‍ॅग्रिगेटर कंपनी करते. काहीही करा, पण आधी तुमच्या इंटरनेट कंपनीशी बोलून सध्याच्या प्लॅनवर असा वापर चालतो का ते लेखी घ्या.

दुसरं, जेवढं लागतं तेवढंच मागा. नंबर आणि कोड, बस. आधार क्रमांक, जन्मतारीख, ईमेल त्या पानावर नको. आणि वायफायसाठी घेतलेल्या नंबरांवर दिवाळीच्या ऑफरचे मेसेज पाठवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची.

हिशोब_पक्का

मी धंद्याच्या बाजूनं थोडं वेगळं सांगतो. २०१६ नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झालाय की वायफाय असणं यानं आता कोणी भारावून जात नाही. नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकानं मांडलं होतं की ग्राहकाला आज सुखद धक्का देणारी सोय काही काळानं गृहीत धरली जाते, आणि मग ती नसली किंवा नीट चालली नाही तर फक्त नाराजी मिळते. वायफाय त्या टप्प्यावर आलंय. म्हणून पाटीवर 'हायस्पीड' लिहू नका. 'मेसेज, कॉल आणि तिकीट बुकिंगसाठी वायफाय' लिहा आणि त्याहून चांगलं चालू द्या.

चालू राहणं महत्त्वाचं. वीज गेली की डबा बंद पडतो, आणि नेमकं तेव्हाच पाहुण्याला परतीची गाडी बघायची असते. डबे १२ व्होल्टवर चालत असतील तर मिनी यूपीएस पुरतो. पण अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बघा: डबा १२ व्होल्ट २ अँपिअरचा आणि यूपीएस १ अँपिअरचा असला तर तो ऐन वेळी रीस्टार्ट होत राहतो. पीओई स्विच मात्र काउंटरच्या इन्व्हर्टरवरच घ्या.

खरी आपुलकी मात्र इतरत्र दिसते. पहाटेच्या काकड आरतीला निघणाऱ्याला त्या वेळी गरम पाणी मिळणं, गाडी कुठं लावायची हे बुकिंगच्या दिवशीच मेसेजमधून कळणं, दर्शनाला जाताना बॅग आणि चपला ठेवायला कुलपाची जागा मिळणं. सोलरचं पाणी ढगाळ दिवसांत पहाटे कोमट येतं, त्याला रात्री लावून ठेवायचा हीटर जोडा. वायफायवर खर्च कराल त्याच्या आधी हे.

शाहूपुरी_नेटवर्क

हिशोबरावांचं म्हणणं मान्य, पण एक भर घालतो. नेट सुरक्षित आहे हे पाहुण्याला दिसत नाही, त्यामुळे तो ते मागतही नाही. खोलीत एक कार्ड ठेवा, मराठी, कन्नड आणि हिंदीत. त्यावर एवढंच:

आमच्या वायफायचं नाव अक्षरशः हे. यासारखं दुसरं नाव दिसलं तर जोडू नका, काउंटरला सांगा. जोडताना फक्त मोबाइल नंबर किंवा खोलीचा कोड विचारला जाईल. यूपीआय पिन, बँकेचा ओटीपी, ईमेलचा पासवर्ड कोणी विचारला तर ते पान आमचं नाही. ब्राउझरनं 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर पुढं जाऊ नका. लॅपटॉपवर नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' निवडा. पैशाचे व्यवहार शक्यतो स्वतःच्या मोबाइल डेटावर करा. जाताना 'फर्गेट नेटवर्क' दाबा, नाहीतर त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खोटं नेटवर्क दुसरीकडे भेटलं की काही फोन गुपचूप जोडले जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन.

बँकेची अ‍ॅप आणि एचटीटीपीएसची (पत्ता https नं सुरू होणारी) पानं मधल्या माणसाला वाचता येत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांना घाबरवायचं कारण नाही. धोका असतो तो खोट्या नावाच्या वायफायचा आणि खोट्या लॉगिन पानाचा. 'सुरक्षिततेसाठी' म्हणून फुकटचं व्हीपीएन घ्यायला सांगू नका, त्यात सगळी वाहतूक अनोळखी कंपनीच्या हाती जाते.

पासवर्डसाठी डब्ल्यूपीए (वायफायच्या कुलपाची पद्धत) २ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडा. नुसत्या २ मध्ये ज्याला पासवर्ड माहीत आहे तो शेजाऱ्याची जोडणी होताना पकडून त्याची न लपवलेली वाहतूक उलगडू शकतो, ३ मध्ये ते जमत नाही. मिश्रवर एखादा जुना फोन जोडलाच गेला नाही तर त्याच्यासाठी सगळ्यांचं संरक्षण उतरवू नका.

काउंटरवरचा वायफायचा क्यूआर काचेच्या आतून लावा. वरून चिकटवलेल्या कागदावर दुसरा कागद सहज चिकटतो. पैसे घ्यायच्या क्यूआरलाही तेच, आणि रोज दुकान उघडताना स्वतःच्या फोननं एकदा स्कॅन करून नाव बघा.

शेवटचं: बदल करायचा दिवस सोमवार-मंगळवारची दुपार ठेवा, शनिवार नको. केओटी प्रिंटरचा पत्ता बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेला असतो, मालिका बदलली की तो गप्प होतो. आधी प्रिंटरवरून सेल्फ टेस्टचा कागद काढून जुना पत्ता लिहून घ्या, नव्या राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या स्वतःच्या क्रमांकाला) एक आयपी पत्ता राखून ठेवा, तो सॉफ्टवेअरमध्ये टाका, आणि एक खोटी ऑर्डर स्वयंपाकघरात छापून आली की मगच पाहुण्यांचं वायफाय सुरू करा.