लिप बाम लावल्याशिवाय तासभरही राहवत नाही, पण ओठ फुटलेलेच. सवय मोडायची कशी?

स्कूटीवाली_इंदिरानगर (५ डिसेंबर, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. मी इंदिरानगरला राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, रोज सकाळी सव्वाआठला स्कूटी काढते. गेली तीन वर्षं लिप बामशिवाय माझं पान हलत नाही. एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक उशाशी आणि एक डिकीत, असे चार बाम कायम चालू असतात आणि एखाद्या दिवशी पर्स बदलली आणि बाम राहिला तर दहा मिनिटांत ओठ ताणल्यासारखे व्हायला लागतात, मग मीटिंगमध्येसुद्धा लक्ष लागत नाही. जास्त करून पुदिन्यासारखा गार लागणारा वापरते कारण तो लावला की लगेच बरं वाटतं.

एवढं करून ओठ बरे आहेत का, तर नाहीत. सकाळी उठले की खालच्या ओठावर पांढरा पापुद्रा आलेला असतो, तो मी नकळत दाताने नाहीतर नखाने ओढते आणि मग रक्त येतं. खालच्या ओठाच्या खाली बोटभर जागा काळपट लाल झालीय, ती पावडरनेही झाकत नाही. मागच्या रविवारी घरातले सगळे मिसळ खायला गेलो होतो, पहिल्याच घासाला रस्सा ओठाला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, शेवटी दही-पाव खाऊन उठले. भाचा विचारत होता मावशी तू का रडतेस.

आई म्हणते बेंबीत तूप घाल. मैत्रीण म्हणते साखर-लिंबाने घास. मला बाम एकदम बंद करायचाय, पण बंद केल्यावर ओठ आपोआप बरे होतात का? कोणी केलंय का हे? आता तर थंडी वाढतच जाणार आहे.

---

पंचवटीच्या_काकू (५ डिसेंबर, रात्री ११:०५)

बाळा, आधी ते साखर-लिंबू अजिबात करू नकोस. उललेल्या ओठावर लिंबू म्हणजे जखमेवर मीठ, आणि साखरेचे कण त्या नाजूक कातडीला अजून ओरखडे पाडतात.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे कोकमाचं तेल असतं, ते म्हणायला तेल, पण थंडीत दगडासारखं घट्ट होतं, फिकट पिवळसर पांढरे गोळे मिळतात. सुरीने नखाएवढा कपचा काढायचा, अंगठ्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या बोटाने दाबून धरायचा, अंगाच्या उबेने हळूहळू पाझरायला लागतं, ते ओठावर टेकवायचं, घासायचं नाही. लहानपणी आजी टाचांच्या भेगांना हेच गरम करून भरायची आणि उरलेलं बोट आमच्या ओठांवरून फिरवायची. तेव्हा कुणाच्या दप्तरात बाम नव्हते. नाशकात कोकणचा माल ठेवणाऱ्या दुकानांत विचार, आमसूल ठेवतात तिथे बरेचदा हेही असतं.

बेंबीत तूप मीही घालते, आईचं ऐक, त्यात नुकसान काही नाही.

---

आता_नाही_लावत (६ डिसेंबर, सकाळी ७:४०)

ताई तुझी पोस्ट वाचून अंगावर काटा आला, कारण ओठाखालची ती बोटभर काळपट लाल जागा मलाही होती. आरशासमोर उभी राहा आणि जीभ बाहेर काढून खालच्या ओठावरून फिरव. जीभ जिथपर्यंत पोचते बरोबर तिथपर्यंतच ती जागा आहे की नाही बघ. माझी तर पट्टीने आखल्यासारखी होती. म्हणजे ओठ चाटले जात होते आणि मला पत्ताच नव्हता, मी सगळा दोष थंडीला देत होते.

आपल्याला वाटतं ओठ ओले केले की मऊ होतात. थुंकी वाळते तेव्हा ओठातला ओलावाही घेऊन जाते, आणि शिवाय तिच्यात अन्न पचवणारा रस असतो. भाताचा घास चावत राहिलो की गोड लागतो ना, ते त्याच्यामुळेच. तोच रस दिवसातून पन्नास वेळा फुटलेल्या कातडीवर फिरला तर काय होणार. आणि वासाचे, चवीचे बाम या चाटण्याला आमंत्रणच देतात, स्ट्रॉबेरी लावली की जीभ जातेच. म्हणून मी तुला मध, साय, लोणी, तूप हेसुद्धा सुरुवातीला नको म्हणेन, काकूंना राग येऊ नये, पण जे जिभेला आवडतं ते ओठावर टिकत नाही. कोकमाचं तेल मात्र चालेल, त्याला चव नसल्यात जमा असते.

मी काय केलं ते सांगते. पहिल्यांदा सगळंच एकदम बंद केलं, काहीच न लावता, आणि पाचव्या दिवशी हसताना खालचा ओठ मधोमध चिरला, मग हार मानून पुन्हा गार बाम. दुसऱ्यांदा गार, चवीचे, रंगीत सगळे बाम घरातून काढले आणि फक्त साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली ठेवली. लावायच्या वेळाही ठरवल्या: सकाळी दात घासल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, झोपताना. मधे कितीही वाटलं तरी एक घोट पाणी प्यायचं आणि ओठ मिटून घ्यायचे. चौथा-पाचवा दिवस वाईट जातो. साल सुटत असते आणि हात आपोआप तिकडे जातो. तेव्हा ओढायचं नाही, मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून ओठावर दोन मिनिटं नुसतं ठेवायचं, जेवढं सुटायचं तेवढं आपोआप कापडाला येतं, बाकीचं अजून पिकलेलं नाही असं समजायचं. एखादी साल फारच लोंबत असेल तर छोट्या कात्रीने कापायची.

आणि टूथपेस्ट बघ ग. माझी फार तिखट पुदिन्याची होती, फेस खाली ओठावर ओघळायचा. साधी, कमी फेसाची आणली, तोंड धुताना ओठ नीट धुवायला लागले, त्यानंतर फरक पडला. मला पूर्ण बरं व्हायला तीन आठवडे लागले, ती काळपट जागा जायला मात्र दोन-अडीच महिने गेले.

---

मेडिकलवाला_सिडको (६ डिसेंबर, दुपारी ३:१५)

मी औषधांच्या दुकानात बसतो, थंडी सुरू झाली की रोज चार-पाच जण हाच त्रास घेऊन येतात म्हणून लिहितोय.

ओठांना घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही जवळपास नसतात, वरचा थर फार पातळ असतो, म्हणून बाकीचं तोंड सांभाळून घेतं तिथे ओठ फुटतात. लिप बामचं दारू-तंबाखूसारखं व्यसन लागत नाही, पण चक्र नक्की तयार होतं. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. मेन्थॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी, सुगंध, सॅलिसिलिक अ‍ॅसिड यातलं काही असेल तर ते फुटलेल्या ओठाला झोंबू शकतं. मेन्थॉल गारवा देतं म्हणजे त्वचेला गार असल्याचं भासवतं, त्याने ओठ बरा होत नाही. गारवा ओसरला की परत लावावंसं वाटतं, परत थोडी आग, परत साल. काहींना लॅनोलिनची (मेंढीच्या लोकरीतलं मेण) किंवा मधमाशांच्या प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी असते, म्हणून नॅचरल लिहिलंय एवढ्यावर विश्वास टाकू नका. साधी पांढरी पेट्रोलियम जेली यासाठी बरी की तिच्यात झोंबण्यासारखं जवळपास काही नसतं. ती ओलावा देत नाही, आहे तो उडू देत नाही, त्यामुळे कोरड्या खडखडीत ओठावर लावण्यापेक्षा तोंड धुतल्यावर जरा दमट असताना लावा.

काकू, बेंबीतल्या तुपाने अपाय नाही हे खरं, पण बेंबीतून ओठांकडे जाणारी वाट शरीरात नाही. तेच बोटभर तूप रात्री ओठाला लावलं तर निदान झाकण तरी होईल.

आता काही गोष्टी कळकळीने सांगतो. एक तर ओठांचे कोपरे चिरत असतील तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे लाळ साचून बुरशी होते किंवा बी-१२, लोह, रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) कमी पडलेलं असतं. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता बरीच दिसते. डॉक्टरला दाखवून रक्त तपासा, मनाने गोळ्या घेऊ नका. दुसरं, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच, जवळजवळ सगळ्यांचे पडतात, ते डॉक्टरांना सांगा. आणि तिसरं म्हणजे दुकानात येऊन ती चेहऱ्याची ट्यूब द्या म्हणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस लाली जाते आणि मग तोंडाभोवती बारीक पुरळ उठतं, ते निस्तरायला महिने जातात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, लोक रागावतात, तरी देत नाही.

रात्री तोंड उघडं ठेवून झोपता का तेही घरच्यांना विचारा. नाक चोंदलेलं असेल तर रात्रभर ओठांवरून कोरडी हवा जाते, मग दिवसा काहीही लावा.

---

द्राक्षबाग_निफाड (६ डिसेंबर, रात्री ९:३०)

ताई, थंडी काय असते ते निफाडला या म्हणजे कळेल, पेपरात राज्यात सगळ्यात कमी तापमान म्हणून आमचंच नाव येतं. पहाटे बागेत पाणी सोडायला, शेकोट्या पेटवायला जावं लागतं, थंडीने मणी तडकायची भीती असते ना. मण्याची साल तडकते तशीच ओठाची तडकते, आम्ही रोज दोन्ही बघतो. बोचरा वारा लागला की माणूस जीभ फिरवतो आणि अजून फुटतं. त्यामुळे आम्ही सगळे पहाटे नाकातोंडावरून मफलर घेतो. तुम्ही स्कूटीवर जाता तर सुती स्टोल आतून आणि वरून हेल्मेट, लोकरी नको, लोकर ओठाला खाजते. वारा लागलाच नाही तर अर्धं काम तिथेच झालं.

दुसरं माझ्या वडिलांचं सांगतो. चाळीस वर्षं उन्हात काम, खालच्या ओठावर एक पांढुरका खरबरीत डाग, आम्ही सगळे म्हणायचो थंडीने फुटलंय. उन्हाळा आला तरी जाईना, हात लावला तर सँडपेपरसारखं लागायचं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, म्हणाले उन्हाने झालंय, असंच सोडलं असतं तर पुढे कॅन्सरकडे जाऊ शकलं असतं. वेळेत उपचार झाले, आता ठणठणीत आहेत. म्हणून हात जोडून सांगतो, तीन-चार आठवड्यांत जो ओठ बरा होत नाही, विशेषतः खालचा, तो दाखवून या. तंबाखू, मिश्री असेल तर उद्याची वाट बघू नका.

---

स्कूटीवाली_इंदिरानगर (२८ डिसेंबर, रात्री ९:५०)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मुद्दाम थांबले होते, काहीतरी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या रात्रीच आरशासमोर जीभ फिरवून बघितली. बरोबर तेवढीच जागा. मी पाच मिनिटं तशीच उभी होते, तीन वर्षं मी काय करत होते ते कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलवरच्या ताईला सांगितलं की मी ओठ चाटताना दिसले की पेनाने टेबलावर टकटक कर. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिने एकवीस वेळा टकटक केलं. एक्सेलमध्ये आकडे जुळत नसले की जीभ बाहेर, असं निघालं. आता दिवसाला दोन-तीनवर आलंय.

चारही बाम काढून टाकले. पहिले सहा दिवस फार वाईट गेले, खोटं सांगत नाही, एका रात्री साडेबाराला पर्स उलटी करून शोधत होते. कोकमाचा गोळा मिळाला, काकू, तुम्ही सांगितलं तसं अंगठ्यावर धरते, आधी वाटतं काही होत नाही आणि मग अचानक काचेसारखं पाझरतं, तो वेळ मला फार आवडतो. दिवसा जेली, रात्री कोकम. टूथपेस्ट बदलली. स्टोल आतून घेते. आईला वाईट वाटू नये म्हणून बेंबीत तूपही चालू आहे.

आज खालच्या ओठावर एकही साल नाही. कोपऱ्यात काही नव्हतंच. काळपट जागा आहे अजून, पण लाली गेलीय. या रविवारी परत मिसळ खाल्ली, रस्सा वाढून घेतला.

एक विचारायचं राहिलं, जानेवारीत चुलत बहिणीचं लग्न आहे ओझरला, दिवसभर उन्हातला मंडप. जेली लावून उन्हात बसलेलं चालतं का, आणि लिपस्टिक?

---

मेडिकलवाला_सिडको (२९ डिसेंबर, सकाळी १०:१०)

छान वाटलं वाचून. जेलीने ऊन अडत नाही. दिवसभर उन्हात बसायचं असेल तर त्या दिवसापुरता एसपीएफ ३० चा, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला, बिनवासाचा बाम घ्या आणि दर दोन तासांनी, जेवणानंतर परत लावा. आठवडाभर आधी घरी एकदा लावून बघा, झोंबला तर बदलायला वेळ मिळेल. लिपस्टिक मॅट नको, ती ओठ अजून कोरडे करते. रात्री घरी आल्यावर आधी कापसावर जेली घेऊन लिपस्टिक अलगद पुसून काढा, घासू नका.

---

पंचवटीच्या_काकू (२९ डिसेंबर, दुपारी १:३०)

गोळा डब्यात घालून कपाटात ठेव ग, कापडात गुंडाळून. एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ पडतो आणि कपड्यांना डाग लागतात.