ग्योताकू (माशाला शाई फासून कागदावर त्याचा छाप घेणं) करताना छाप फिसकटतोय, काय चुकतंय?

योकोहामाचा_गळवाला: मंडळी, रविवारी धक्क्यावर ४१ सेंमीचा कुरोदाई मासा लागला, आयुष्यातला सगळ्यात मोठा. बायको म्हणाली फोटो काय सगळेच काढतात, छाप काढ. म्हणून शाई फासून कागद दाबला तर नुसता काळा ढब्बा आला, खवलं एक दिसत नाही आणि डोळ्याच्या जागी तर अख्खं डबकंच. काय चुकलं? आणि हा मासा आता खायचा की फेकायचा?

खवले_मोजणारी: बुळबुळ काढलीस का आधी? मीठ चोळून दोन-तीनदा धुवायचा, मग कोरडा म्हणजे अगदी कोरडा पुसायचा. कल्ल्यात आणि मागच्या भोकात टिश्यूचे बोळे कोंब, तिथून पाणी झिरपत राहतं आणि सगळं पसरतं. पर थर्माकोलवर पसरून टाचण्या लाव. शाई तू नक्की जास्त लावलीस, एवढीशीच लागते. डोळ्यावरची पुसून टाकायची, डोळा नंतर ब्रशने हाताने काढतात, सगळा जीव त्यातच येतो बघ. कागद शंभर येनच्या दुकानातला सुलेखनाचा हान्शी चालतो, प्रिंटरचा नको.

योकोहामाचा_गळवाला: ताई बुळबुळ काढलीच नव्हती 🤦 आणि तोंड उलट्या बाजूला आलंय ते?

सुमी_काका: ते तसंच येणार, थेट पद्धतीत आरशासारखा उलटा छाप पडतो. सुलटा हवा तर ओला कागद माशावर चिकटवायचा आणि वरून कापसाच्या बोळ्याने रंग हळूहळू टिपायचा, पण त्याला वेळ फार लागतो, पहिल्यांदा नको त्या भानगडीत पडू. मूळ हा कलाप्रकार वगैरे नव्हताच रे, पकडलेल्या माशाचा पुरावा! जपानातल्या शोनाई संस्थानाच्या सामुराईंना गळाचा भारी नाद, आज सापडणाऱ्यांतला सगळ्यात जुना छाप १८३९ चा, तोही त्यांच्याच सरदाराने एडोत (म्हणजे आजच्या टोकियोत) पकडलेल्या फुना माशाचा. म्हणून बाजूला तारीख, जागा, लांबी आणि साक्षीदाराचं नाव लिहायचं, ते विसरू नकोस, नाहीतर ४१ चा ५१ व्हायला वेळ लागत नाही 😄

खवले_मोजणारी: खायचं म्हणशील तर शाई कुठली ते बघ. कांडी उगाळून केलेली असेल तर काजळी आणि सरस, धुऊन, खवलं-कातडं काढून लोक खातात. बाटलीतली असेल तर नको, त्यात काय काय घातलेलं असतं.

योकोहामाचा_गळवाला: बाटलीतलीच होती. बायकोने ऑलरेडी तुकड्या करून हळद-मीठ लावलंय, आता तिला कोण सांगणार